पूल बुडायच्या आधी: दूधगंगा-वेदगंगाकाठच्या गावांनी महापुराची तयारी कशी करावी

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी भागातल्या नदीकाठच्या गावात महापूर येतो तेव्हा गावावर मोठा पाऊस झालेला असतोच असं नाही. पाणी येतं राधानगरी-भुदरगडच्या डोंगरातून. दूधगंगेवर काळम्मावाडी आणि वेदगंगेवर पाटगाव, ही दोन्ही धरणं कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. भोज-बारवाडच्या परिसरात या नद्या एकत्र येतात आणि पुढे कल्लोळच्या बाजूला कृष्णेला मिळतात. तोवर कृष्णा कोयना, वारणा आणि पंचगंगा यांचं पाणी घेऊन आलेली असते. पाणी महाराष्ट्रात जमतं, त्याची मराठी बातमी कोल्हापुरातून निघते, आणि गाव हलवायची सूचना मात्र कर्नाटकातून, बहुतेक वेळा कन्नडमध्ये येते. या दोन्हींच्या मध्ये जे तास वाया जातात, तेच आपल्याला महाग पडतात.

म्हणून सूचना येईल तेव्हा बघू, या भरवशावर सीमाभागातल्या गावानं राहू नये. आपल्या गावाची खरी मुदत म्हणजे आपला पूल किंवा बंधारा पाण्याखाली जाण्याची वेळ. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोजवाडी-कुन्नूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, यडूर-कल्लोळ या पुलांची नावं दर पावसाळ्यात बातमीत येतात. पूल गेला की दूध संघाची गाडी, रुग्णवाहिका आणि जनावरं न्यायची ट्रॉली सगळंच थांबतं. पुढचं सगळं नियोजन या एका मुदतीवर बेतलेलं आहे.

मे महिन्यात: खुणा आणि नोंदवही

गावातल्या जुन्या माणसांना सोबत घेऊन एक फेरी मारा. 2005, 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते देवळाच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर, विजेच्या खांबाशेजारच्या घरावर ऑइलपेंटनं रेघ मारून वर्षासह लिहा. लग्न होऊन आलेल्या सुना, भाड्यानं राहणारी कुटुंबं आणि 2019 ला लहान असलेली पोरं यांना ही पातळी ऐकून माहीत असते. डोक्याच्या उंचीवरची रेघ रोज दिसली की समजावून सांगावं लागत नाही.

मग नदीकडे या. पुलाच्या किंवा बंधाऱ्याच्या खांबावर फुटाफुटाच्या रेघा मारा, रात्री बॅटरीच्या उजेडात दिसतील अशा पांढऱ्या. या पट्टीवरचा आकडा आणि त्या दिवशी धरणातून सोडलेलं पाणी, या दोन गोष्टी एका वहीत शेजारी-शेजारी लिहीत गेलात तर दोन-तीन पावसाळ्यांत गावाचा स्वतःचा अंदाज तयार होतो. काळम्मावाडीतून इतका विसर्ग सुरू झाल्यावर आपल्या पट्टीवर किती तासांनी किती फूट चढतं, हे बाहेरचं कोणी येऊन सांगणार नाही. वही कागदाचीच ठेवा. मोबाइलमधली नोंद मोबाइल बंद पडला की गेली.

विसर्गाचे आकडे कसे वाचायचे

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी. 1 लाख क्युसेक विसर्ग 24 तास चालला तर 8.64 टीएमसी पाणी वाहून येतं; एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. राधानगरी धरणाची पूर्ण क्षमता 8.36 टीएमसी आहे, यावरून त्या आकड्याचा अंदाज येईल. एवढं गणित गावातल्या दहावीच्या पोरांना शिकवून ठेवा, तीच बातमी समजावून सांगतील.

रोज सकाळ-संध्याकाळ चार आकडे टिपायचे. पहिला काळम्मावाडीचा साठा आणि विसर्ग, दुसरा पाटगावचा, तिसरा शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून कृष्णेत येणारं पाणी आणि चौथा कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. तिथे 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी. हे आकडे कोल्हापूर जिल्हा प्रशासन आणि पाटबंधारे खातं पावसाळ्यात रोज देतं. राधानगरीचे 7 स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडतात. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत आणि मग कृष्णेत येतं, त्यामुळे "राधानगरीचा आपल्याशी काय संबंध" असं म्हणून ती बातमी सोडू नका.

संबंध आहे तो असा. कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते मागे फुगतं. डोंगरातला पाऊस थांबला, काळम्मावाडीचे दरवाजे बंद झाले, तरी आपल्याकडचं पाणी उतरत नाही, उलट इंच-इंच चढतं. वेदगंगेचा पूर झपाट्यानं येतो, कृष्णेच्या फुगवट्याचा पूर सावकाश येतो पण मुक्काम करतो. 2021 च्या जुलैत दोन-तीन दिवसांच्या पावसात पाणी चढलं आणि यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गही बंद झाला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी आठवडाभर हललं नाही. पहिल्या प्रकारात हाताशी वेळ नसतो, दुसऱ्यात घरातलं धान्य पुरत नाही. तयारी दोन्हींची हवी.

कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या पाणीपातळीवरून दोन राज्यांत वाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. त्यावर ग्रामसभेत ठराव करा, निवेदनं द्या, पण हिवाळ्यात. पाणी वेशीला लागल्यावर त्या चर्चेत गेलेला एक तास म्हणजे गोठ्यातून दोन जनावरं कमी निघणं.

बातमी दोन भाषांतून येते, घरोघर एकाच भाषेत पोचवा

तहसीलदार कार्यालय, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), हेस्कॉम (वीज कंपनी) यांचे संदेश कन्नडमध्ये येतात. मोबाइलवर मोठ्या आवाजात येणारा सरकारी इशारासुद्धा म्हाताऱ्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत येईलच असं नाही. गावात दोघांची नावं ठरवा. एक कन्नड चांगलं येणारा, दुसरा तो नसेल तेव्हाचा. बहुतेक गावांत कन्नड शाळेतले गुरुजी किंवा बाई हे काम आनंदानं करतात. संदेश आला की त्यांनी मराठीत आवाजाचा निरोप करायचा आणि त्यात तारीख, वेळ आणि कुणाकडून कळलं या तीन गोष्टी बोलायच्याच. हा नियम कडक ठेवा. दर पुरात "धरण फुटलं" म्हणून कुठला तरी जुना व्हिडिओ फिरतो आणि मध्यरात्री पळापळ होते. तारीख-वेळ नसलेला निरोप पुढे पाठवायचा नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

वीज गेल्यावर भोंगा चालत नाही. मंदिर, मशीद आणि जैन बस्ती यांच्याकडे बॅटरीवर चालणारा ध्वनिक्षेपक आहे का ते बघून ठेवा. नसेल तर दवंडी आणि हलगी. हलगीचा कोणता ताल म्हणजे "आता निघा" हे आधी ठरवून, गावभर वाजवून दाखवा.

दाराच्या आत चिकटवायचे क्रमांक हे: आपत्कालीन मदतीला 112, रुग्णवाहिकेला 108, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077, विजेच्या तक्रारीला 1912, जनावरांच्या दवाखान्याला 1962. सोबत पीडीओ, ग्रामलेखापाल आणि पलीकडच्या तीरावरच्या गावातला एक माणूस. त्या तीरावरचं गाव महाराष्ट्रात असलं तरी पाणी दोघांचं एकच आहे, आणि वरच्या अंगाला असलेल्या गावाला ते आधी दिसतं.

घरोघरची यादी

ओडिशाच्या किनाऱ्यावर 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 ला फायलिन वादळ आलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृत्यू काही डझनांवर राहिले. मधल्या काळात वादळाचे अंदाज सुधारले, निवारे बांधले गेले, पण गावपातळीवर आणखी एक काम झालं होतं: कुठल्या घरातून कुणाला कोण उचलणार हे स्वयंसेवकांना आधीच माहीत होतं. समुद्र आपल्यापासून लांब असला तरी हे शिकण्यासारखं आहे.

गल्लीवार वही करा. प्रत्येक घरासमोर माणसं किती, जनावरं किती, अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का, गरोदर बाई आणि तिची तारीख, डायलिसिस किंवा इन्सुलिनवर असलेलं कोणी, घर मातीचं की आरसीसीचं, आणि जायचं कुठे, हे लिहा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची नोंद वेगळी करा, कारण त्या शेवटपर्यंत दार सोडत नाहीत. मुलगा पुण्यात, हातात सगळ्या आयुष्याची पेटी. अशा घरासमोर त्यांच्या ओळखीच्या, त्या ज्याचं ऐकतील अशा माणसाचं नाव लिहा. अनोळखी पोरानं हात धरून ओढून काम होत नाही.

ज्यांची प्रसूतीची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये आहे किंवा ज्यांना आठवड्याला डायलिसिस लागतं, त्यांनी पाऊस धरला की निपाणी, चिकोडी किंवा बेळगावला पाहुण्यांकडे जावं. त्यांच्यासाठी पूल बुडायची वाट बघण्यात काहीच अर्थ नाही.

नदीवरच्या मोटारी

या कामाला मी मुद्दाम वेगळी जागा देतो, कारण यात दरवर्षी जीव धोक्यात येतात. पाणी चढायला लागलं की शेतकरी पाणी उपसायची मोटार काढायला काठावर धावतो. चिखल, अंधार, त्यात केबलमध्ये वीज. हजारोंची मोटार आहे, ओढ लागते, हे खरं. म्हणून मृगाचा पाऊस लागला की, उसाला पाणी द्यायची गरज संपताच, गटागटानं चेन-पुली लावून दिवसाउजेडी मोटारी वर काढा किंवा पूररेषेच्या वरच्या कट्ट्यावर आणा. राहिलीच, तर हेस्कॉमकडून लाइन बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय, दोराशिवाय आणि एकट्यानं पाण्याकडे जायचं नाही. पाणी पात्राबाहेर पडल्यावर मोटार सोडून द्या.

जित्राबं आधी, माणसं मागोमाग

आपल्याकडे घरं वेळेवर का रिकामी होत नाहीत? गोठ्यात चार म्हशी बांधलेल्या असतात म्हणून. म्हशीला सोडून माणूस जात नाही, आणि जाऊही नये अशीच त्याची अवस्था असते, कारण तोच त्याचा महिन्याचा पगार. जनावरांची सोय आधी झाली की माणसं आपोआप निघतात.

मे अखेरीला घटसर्प आणि फऱ्याच्या लसी टोचून घ्या. कानातला 12 अंकी बिल्ला आहे का बघा, नसेल तर मारून घ्या. जनावर वाहून गेलं किंवा मेलं तर मदत मागताना तीच ओळख लागते. प्रत्येक जनावराचा, बिल्ला दिसेल असा फोटो काढून ठेवा.

वैरणीचा हिशेब आधी करा. 400 किलोच्या म्हशीला दिवसाला साधारण 10 किलो कोरडी वैरण लागते. चार म्हशी आणि दहा दिवस म्हणजे 400 किलो कडबा किंवा भुसकट. एवढी वैरण ऐन वेळी ट्रॉलीत बसत नाही, म्हणून उंचावरच्या नातेवाइकाच्या मळ्यात किंवा माळावर आधीच गंजी रचून ताडपत्रीनं झाका. पुरातून निघालेलं, गाळ लागलेलं वाडं जनावरांना घालू नका, ती आजारी पडतात. उपाशी जनावराला लगेच पाटीभर पेंड किंवा धान्यही देऊ नका, पोट बिघडून दगावतं. आधी पाणी, मग थोडी सुकी वैरण.

माळावर जागा ठरवताना पाणी कुठून येणार ते बघा. एका दुभत्या म्हशीला दिवसाला 50-60 लिटर लागतं. शेजारच्या गावच्या लोकांशी जागेबद्दल मे महिन्यातच बोला. जुलैत चिखलात उभं राहून भांडण होतं.

काही कारणानं गोठा सोडावाच लागला तर दावी कापा. जनावर पोहतं, बांधलेलं जनावर बुडतं. कोंबड्या, शेळ्या वरच्या स्लॅबवर चढवता येतात, रेडकं आणि वासरं ट्रॉलीत पुढच्या बाजूला.

तीन खुणा, तीन कामं

आता खांबावरच्या पट्टीवर गावानं स्वतःच्या तीन खुणा ठरवाव्यात. आकडे प्रत्येक गावाचे वेगळे असतील, कामं अशी:

- पिवळी: पाणी पात्राच्या कडेला आलं. मोटारी काढून झालेल्या असल्या पाहिजेत. दळण दळून आणा, औषधं भरा, वाहनांत डिझेल, बॅटऱ्या चार्ज.
- केशरी: पाणी पुलाच्या कठड्याखाली गावानं ठरवलेल्या फुटांवर आलं. जनावरं, गरोदर बायका, आजारी आणि म्हातारी माणसं हलवा. दिवसाउजेडी.
- लाल: पाणी पुलाला लागलं. उरलेली सगळी माणसं बाहेर. यानंतर पुलावरून कोणी जात-येत नाही.

केशरी खूण संध्याकाळी चार वाजता दिसली आणि रात्रीचा विसर्ग वाढणार असल्याची बातमी असेल, तर लाल समजूनच वागा. रात्री पाण्याचा अंदाज कुणालाच येत नाही. खुणा ग्रामसभेत ठरवून पीडीओंना लेखी कळवा, म्हणजे काळजी केंद्र (पूरग्रस्तांसाठीचा निवारा) उघडायला आणि बस मिळायला तुमच्या बाजूनं कागद तयार असतो.

घर सोडताना

पिठाची गिरणी विजेवर चालते हे पुरात सगळ्यांच्या उशिरा लक्षात येतं. दहा दिवसांचं पीठ, तांदूळ, चटणी, भडंग, शेंगदाणे, गूळ, पिण्याचं पाणी आणि लहान बाळाचं जे काही असेल ते. आधार, रेशनकार्ड, उतारा, बँक पासबुक, गोळ्यांच्या चिठ्ठ्या हे प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक घालून. घरातल्या प्रत्येक खोलीचा, गोठ्याचा, तंबाखूच्या किंवा सोयाबीनच्या पोत्यांचा व्हिडिओ काढून गावाबाहेरच्या माणसाला पाठवून ठेवा.

मेन स्विच कोरड्या हातानं बंद करा. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर वरच्या मजल्यावर न्या किंवा बांधून ठेवा, तरंगत जातो. खत आणि औषधं जमिनीवर ठेवली तर तेच पाणी विहिरीत उतरतं, म्हणून ती माळ्यावर. मातीच्या भिंतींच्या घरात वरच्या माळ्यावर बसून पूर काढायचा विचारसुद्धा करू नका. माती भिजत राहते आणि पाणी उतरताना भिंत बसते.

वाहत्या पाण्यात अर्धा फूट खोलीला माणसाचा तोल जातो, फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते. ट्रॅक्टर उंच असतो म्हणून त्याच्यावर भरवसा टाकला जातो, पण ट्रॉली पाण्यानं उचलली की ट्रॅक्टरलाही घेऊन जाते. शेजारच्या शिरोळ तालुक्यात अकिवाटला 2024 च्या पुरात तेच झालं. 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटली, तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. नावेत चढताना आधी आपण, हा हट्ट बाजूला ठेवा. जॅकेट नसेल तर रिकामे, झाकण घट्ट लावलेले पाच-दहा लिटरचे दोन कॅन दोरीनं छातीशी बांधा. आणि गुळाच्या काहिलीतून माणसं नेण्याची आपल्याकडची जुनी सवय फक्त संथ, साचलेल्या पाण्यात सामान ओढायला ठीक आहे. धारेत काहील गरगर फिरते आणि तिला वळवता येत नाही.

काळजी केंद्रात

केंद्र बहुधा शाळेत किंवा मंगल कार्यालयात असतं. बायकांच्या संडास-न्हाणीची सोय पहिल्याच दिवशी बघा, कारण ती नसेल तर बायका पाणीच पिणं कमी करतात आणि आजारी पडतात. ही यादी करायला आशाताई आणि स्वयंसहाय्य गटातल्या बायकांना बसवा, पुरुषांच्या लक्षात हे येत नाही. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे कपडे आणि रात्री दारापाशी दिवा हवाच. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण भिंतीवर लिहून ठेवा.

पाणी उतरल्यावर

घरात शिरायची घाई करू नका. आधी बाहेरून भिंतींना पडलेले तडे बघा. वायरिंग तपासल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. हातात लांब काठी, पायात गमबूट. भांड्यांत, अंथरुणांत, चुलीच्या राखेत साप असतात. साप चावला तर आवळून बांधणं, चिरणं, मांत्रिक हे काही नाही. हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखान्यात न्या. गाळ काढणाऱ्यांना पुढच्या काही दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) असू शकतो, डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात काम केलं" हे आठवणीनं सांगा.

विहीर आधी उपसून घ्या. मग नव्यानं भरलेल्या पाण्यात दर हजार लिटरला 2.5 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. विहिरीतलं पाणी मोजायला व्यासाचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीनं गुणा आणि मग 785 नं गुणा. मापं मीटरमध्ये घेतली की उत्तर लिटरमध्ये येतं. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे 28 हजार लिटर, म्हणजे 70 ग्रॅम पावडर. बादलीत कालवून, साका खाली बसू देऊन वरचं पाणी विहिरीत सोडा आणि किमान तासभर थांबा. तरीही पहिले काही दिवस पाणी उकळूनच प्या.

आता पंचनामा. गाळ काढण्याआधी फोटो घ्या, घराचे, गोठ्याचे, शेताचे, त्यात घरमालक उभा असलेले. कर्नाटकात पडझडीची घरं ए, बी, सी अशा गटांत धरली जातात आणि मदत त्यावर ठरते, म्हणून तुमच्या घराला कोणता गट लिहिला ते पाहणी करणाऱ्यांना तिथेच विचारा. पिकाच्या मदतीसाठी फ्रूट्स (कर्नाटक सरकारची शेतकरी नोंदणी) क्रमांक आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. पीकविमा उतरवला असेल तर 72 तासांत कळवा. सीमाभागात सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावात. आधारवर मराठी वळणाचं आडनाव, उताऱ्यावर कन्नडमधून आलेलं वेगळं, आणि वडील वारून वीस वर्षं झाली तरी उतारा त्यांच्याच नावावर. ही दुरुस्ती उन्हाळ्यात महसूल खात्याच्या नाडकचेरीत जाऊन करून घ्या.

यादी ग्रामपंचायतीत लागली की लगेच बघा. नाव नसेल किंवा गट चुकला असेल तर तोंडी सांगून परत येऊ नका. हरकत लेखी द्या, कन्नडमध्ये लिहून घ्या, फोटो जोडा, तारखेसह पोच घ्या आणि शेजारच्या विधवा बाईचं नाव यादीत आहे का तेही त्याच वेळी बघून या.